जलजीवालयातील समतोल : एका कल्पनेचा इतिहास आणि ठाणे-कल्याण परिसर

घरगुती जलजीवालय म्हणजे केवळ शोभेची वस्तू, असा समज रूढ आहे. तथापि त्याचा उगम एका रासायनिक प्रश्नात आहे. जिवंत वनस्पती असलेले पात्र, मनुष्याने फारशी निगा न घेता, आपला समतोल आपणच राखू शकेल काय, हा तो प्रश्न होय.

जोसेफ प्रीस्टलीने १७७१ मध्ये, दूषित झालेली हवा वनस्पतीमुळे पुन्हा शुद्ध होते असे दाखविले. इंगेनहौझने १७७९ मध्ये या क्रियेस सूर्यप्रकाश लागतो हे सिद्ध केले. या ज्ञानाच्या आधारे लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८४९ मध्ये सुमारे बारा गॅलन पाण्याच्या पात्रात दोन गोल्डफिश व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. काही काळाने पाने कुजून पाणी गढूळ झाले. तेव्हा त्याने गोगलगायी सोडल्या व पाणी निवळले. हा प्रयोग १८५० मध्ये प्रसिद्ध झाला. रीजंट्स पार्कमधील सार्वजनिक मत्स्यगृह १८५३ मध्ये उघडले. त्याच वर्षी १६ एप्रिल रोजी पहिली आगगाडी ठाण्यास पोहोचली. पुढील वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. परंतु ज्या उपनगरी वस्तीच्या लहान घरांत पुढे काचेच्या पेट्या आल्या, तिची वाढ याच लोहमार्गाच्या आधाराने झाली. मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले.

वॉरिंग्टनच्या मताप्रमाणे माशांनी सोडलेला कर्बवायू वनस्पती घेतात व त्यांना प्राणवायू पुरवितात. हे मत शंभर वर्षे टिकले. १९४९ मध्ये जेम्स ॲट्झ याने त्याचे खंडन केले. वायूंची देवघेव मुख्यत्वे पाण्याच्या उघड्या पृष्ठभागातून होते, शिवाय रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरतात, हे त्याने निदर्शनास आणले. म्हणून समतोलाची कल्पनाच निरर्थक ठरते काय? तसे नव्हे. माशांच्या उत्सर्गातून निर्माण होणारा अमोनिया हेच खरे विष होय. त्याचे रूपांतर करणाऱ्या जीवाणूंचे कार्य विनोग्राडस्कीने १८९० च्या सुमारास उलगडले होते. आणि वनस्पती तो अमोनिया थेट शोषून घेतात, या गोष्टीवर डायना वॉलस्टॅड हिने १९९९ च्या ग्रंथात भर दिला. तळाशी साधी माती, भरपूर वनस्पती व मोजके मासे, ही तिची पद्धती. वनस्पतींचे महत्त्व कायम राहिले. केवळ त्याचे कारण बदलले.

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथे या सिद्धांताची कसोटी विशेष कठोर आहे. कोकणच्या हवेत पाणी तापविण्याची गरज सहसा पडत नाही. परंतु २० अंश तापमानाच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांस साडेसातच. त्यातच २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात भारनियमन होते. वीज गेली की पंप थांबतो. दाटीवाटीने मासे ठेवलेल्या पेटीत ते पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागतात. मासे थोडे व पृष्ठभाग विस्तीर्ण असेल, तर तोच खंड निभावतो. वनस्पतींमुळे पंपाचे अवलंबित्व घटते, पण माशांच्या संख्येचे बंधन सुटत नाही.

हाच न्याय ठाण्याच्या तळ्यांस लागू पडतो. कोपिनेश्वर मंदिरालगतचे मासुंदा तळे हे आकाराने मोठे असले तरी मर्यादित पात्रच होय. निर्माल्य व सांडपाणी यांतून पोषकद्रव्ये वाढली की पाणी शेवाळाने हिरवे होते. रात्री शेवाळ व कुजणारा गाळ प्राणवायू संपवितात आणि पहाटे मासे मरून तरंगतात. काठ दगडाने बांधून काढले म्हणजे पोषकद्रव्ये शोषणाऱ्या काठच्या वनस्पतींनाही जागा उरत नाही. कारंजे प्राणवायू वाढविते. पोषकद्रव्ये काढून नेत नाही.

सारांश, समतोल ही पाण्याची आपोआप टिकणारी अवस्था नव्हे. आत येणारा भार व तो पचविणारी शक्ती यांचे ते प्रमाण आहे. पेटीत काय व तळ्यात काय, निगा कमी करावयाची असेल तर प्रथम भार कमी करणे प्राप्त आहे.