‘ल्यूपस’ : एक नाव आणि त्वचेचा छेद

‘ल्यूपस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ लांडगा. चेहरा कुरतडल्याप्रमाणे विद्रूप करणाऱ्या नाना विकारांना युरोपात मध्ययुगापासून हे नाव दिले जाई. त्यांतील तांबूस चट्ट्यांचा एक प्रकार पॅरिसच्या काझनाव्हने इ. स. १८५१ मध्ये ‘ल्यूपस एरिथेमाटोसस’ या नावाने निराळा केला. व्हिएन्नाच्या कापोसीने १८७२ मध्ये त्याचे चकतीसारखा व सर्वांगी पसरणारा असे दोन भेद दाखविले. जुने नाव मात्र तसेच राहिले, आणि त्याने पुढे बराच घोटाळा माजविला.

कॉखने १८८२ मध्ये क्षयजंतू शोधून काढल्यानंतर ‘ल्यूपस व्हल्गॅरिस’ हा त्वचेचा क्षयच होय, हे निश्चित झाले. तेव्हा एरिथेमाटोससही क्षयजन्यच असावा, हा तर्क कित्येक दशके प्रचलित राहिला. क्षयावर म्हणून योजिलेले सुवर्णक्षार या रोग्यांनाही टोचले गेले, ते याच समजुतीने.

वास्तविक सूक्ष्मदर्शकाखालील छेदाची साक्ष वेगळी होती. व्हल्गॅरिसमध्ये एपिथेलिऑइड पेशींच्या गाठी व लांगहान्स महापेशी आढळतात. एरिथेमाटोससमध्ये त्या नसतात. तेथे शृंगी थर जाड होऊन केशकूपांच्या तोंडाशी बुचासारखा बसतो, बाह्यत्वचा पातळ होते, तिच्या तळथरातील पेशींत पोकळ्या पडून त्यांचा ऱ्हास होतो, तळकला जाडावते, आणि अंतस्त्वचेत रक्तवाहिन्या व केशकूप यांच्याभोवती लसीकापेशींचे पुंजके जमतात. या खुणांत तळथराचा ऱ्हास हीच प्रमुख मानावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्लेम्परर, पोलॅक व बेअर यांनी १९४१-४२ मध्ये या रोगाकडे संयोजी ऊतकाचा सर्वांगीण विकार म्हणून पाहिले. कोलॅजेनच मूळ दोषी ही त्यांची कल्पना टिकली नाही. परंतु अवयवापुरता विचार करण्याची सवय तिने मोडली, हे श्रेय थोडे नव्हे. १९४८ मध्ये हारग्रेव्ह्जने अस्थिमज्जेत ‘एल. ई.’ पेशी दाखविली. पुढे १९६३ मध्ये बर्नहॅम, नेब्लेट व फाइन यांनी अनुस्फुरक प्रतिपिंडांची पद्धत त्वचेच्या छेदांना लाविली, तेव्हा बाह्यत्वचा व अंतस्त्वचा यांच्या सीमेवर इम्युनोग्लोब्युलिनांचा चकाकता पट्टा दिसला. ज्या रेषेवर पेशी नष्ट होत होत्या, तीच ही रेषा.

तरीही छेदाच्या मर्यादा आहेत. डर्मॅटोमायोसायटिसचा छेद पुष्कळदा अगदी असाच दिसतो. आणि रोग त्वचेपुरताच आहे की मूत्रपिंडापर्यंत पोहोचला आहे, हे केवळ त्वचेच्या काचपट्टीवरून ठरविता येत नाही.