मालवणी किनाऱ्यावरील ख्रिस्ती शास्त्रवाचन : उपेक्षेची भाषिक कारणे

आधुनिक ख्रिस्ती जीवनात बायबलाची उपेक्षा होते, अशी तक्रार धर्मोपदेशक वारंवार करतात आणि तिचे कारण श्रद्धेच्या ऱ्हासात शोधतात. वेंगुर्ले, सावंतवाडी व मालवण या पट्ट्यातील गोमंतकीय वळणाच्या कॅथलिक समाजापुरते हे निदान अपुरे ठरते. ग्रंथाचा अव्हेर करणे वेगळे आणि ग्रंथ हाती नसल्यामुळे त्याविना धर्म आचरणे वेगळे. येथील इतिहास मुख्यतः दुसऱ्या प्रकारचा आहे, असे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

१५६४ च्या रोमन निषिद्धग्रंथसूचीच्या नियमांनुसार देशी भाषेतील बायबल वाचण्यास बिशपाची वा धर्मन्यायाधीशाची लेखी अनुज्ञा आवश्यक ठरली. या बंधनांच्या काळात फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांनी गोव्यात राहून जे केले, ते म्हणूनच लक्षणीय होय. नवख्रिस्ती लोकांची पुराणश्रवणाची सवय मोडली होती, परंतु त्या जागी ऐकावयास काही उरले नव्हते. स्टीफन्स यांनी बायबलाचे भाषांतर न करता जुन्या व नव्या करारांतील कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत गुंफली. हे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६, १६४९ व १६५४ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. भाषा मराठी, तीत कोकणी शब्दांची पेरणी आणि छंद ओवीचा. त्यामुळे निरक्षर श्रोत्यासही शास्त्रकथा कानी पडे.

१६५४ नंतरची आवृत्ती मात्र थेट १९०७ मध्ये मंगळूरास निघाली. मधल्या २५३ वर्षांत ग्रंथ हस्तलिखितांतून टिकला. १६८४ मध्ये व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द ताव्होरा याने गोव्यातील प्रजेस तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. घरची भाषा त्यामुळे मेली नाही. पण धर्मविद्येत तिची प्रतिष्ठा खालावली. वेदीवर लॅटिन, घरच्या प्रार्थनेत कोकणी आणि पुढे शाळेत मराठी, अशी कामांची वाटणी झाली. शास्त्रवाचन या तिहींपैकी कोणाच्याच वाट्यास धडपणे आले नाही.

प्रॉटेस्टंट मिशनांनी दुसरी वाट धरली. श्रीरामपूरच्या छापखान्यातून कॅरी यांचा मराठी नवा करार १८११ मध्ये व कोकणी नवा करार १८१८ मध्ये बाहेर पडला. अमेरिकन मिशन १८१३ मध्ये मुंबईत आले. पुढे वेंगुर्ल्यासही अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनाचे रुग्णालय उभे राहिले. परंतु परपंथीयांचे भाषांतर कॅथलिक उपासनेत शिरणे शक्य नव्हते. ग्रंथ उपलब्ध होता; तो ‘आपला’ नव्हता.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ च्या घोषणापत्रात सर्व श्रद्धावंतांना शास्त्र सुलभ व्हावे असे ठरविले. तथापि अनुज्ञा मिळाल्याने सवय लागत नाही. गोव्याचे संपूर्ण कोकणी बायबल २००६ मध्ये रोमन लिपीत प्रसिद्ध झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० मध्ये मराठीत आले. पहिल्याची बोली घरची, परंतु मराठी शाळेत शिकलेल्या मुलास त्याची लिपी परकी. दुसऱ्याची लिपी परिचित, परंतु त्याचे शब्द आजीच्या जपमाळेतले नव्हेत. २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतापुढील प्रश्न म्हणून केवळ प्रती वाटण्याचा नाही.

यावरून एक अनुमान निघते. जेथे ग्रंथ श्राव्य होता तेथे तो जगला. जेथे तो केवळ वाच्य झाला तेथे त्याची लिपी व भाषा वाचकाशी जुळावी लागली. ती जुळणी न होता वाचणाऱ्यास उदासीन म्हणणे हा इतिहासाचा विपर्यास होय. या किनाऱ्यावरील वृद्धांच्या तोंडी असलेल्या प्रार्थना व शास्त्रकथा यांचा संग्रह भाषाभ्यासकांनी वेळीच केला पाहिजे. त्या पिढीबरोबर हा श्राव्य ग्रंथही लोपला, तर मात्र उपेक्षेचा आरोप खरा ठरेल, आणि त्याचा काही भाग आपणांवरही येईल.