लव्हाळे व पाणगवते

लव्हाळे व पाणगवते : दलदल, तळी, ओढे आणि नदीकाठच्या उथळ पाण्यात वाढणाऱ्या एकदलिकित वनस्पती. लव्हाळे मुस्ता कुलातील (सायपेरेसी) असून या कुलात जगभर सुमारे ५,५०० जाती आहेत. नळ, वाळा, कसई व देवभात ही तृण कुलातील (पोएसी) गवते. पाणकणीस यांच्याच सोबतीने वाढते, पण त्याचे कुल निराळे. ‘लव्हाळा’ हे नाव मराठीत दोन अर्थांनी चालते. शेतकऱ्याचा लव्हाळा म्हणजे नागरमोथा, पिकातले चिवट तण. पाणथळीचा लव्हाळा म्हणजे त्याचे अनेक भाऊबंद. शेतातल्या बदनामीपायी काठावरच्या लव्हाळ्यावरही विळा चालतो. वास्तविक काठाची माती धरून ठेवतात ती त्याचीच मुळे.

ओळख : लव्हाळ्याचे खोड बहुधा तीनधारी, भरीव व पेरी नसलेले असते, ते बोटांत फिरवले की धारा जाणवतात. पाने तीन रांगांत येतात. गवताचे खोड गोल, पेरेदार व बहुधा पोकळ, तर पाने दोन रांगांत. दोन्हींची फुले बारीक असून परागण मुख्यतः वाऱ्याने होते.

कार्य : दलदलीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. या वनस्पतींच्या खोडांत व मुळांत हवेच्या पोकळ्या असलेले वायूतक असते. त्यातून हवा मुळांपर्यंत पोहोचते, थोडा प्राणवायू भोवतालच्या चिखलात झिरपतो आणि तेथील जीवाणू सेंद्रिय घाण कुजवतात. मुळे नायट्रोजन व फॉस्फरस शोषून घेतात. म्हणूनच सांडपाणी शुद्ध करण्यासाठी बांधलेल्या दलदलींत नळ व पाणकणीस लावतात. मात्र वाढलेला पाला वेळोवेळी कापून बाहेर काढावा लागतो. तो तिथेच कुजला तर शोषलेली द्रव्ये पुन्हा पाण्यात उतरतात.

उपयुक्त जाती : वाळ्याची सुगंधी मुळे सरळ खाली ३ मी.पर्यंत जातात, त्यामुळे खचणारा काठ बांधला जातो. माठात घालायची जुडी व उन्हाळ्यातले पडदे याच मुळांचे. कसईच्या टणक, चकचकीत फळांचे मणी ओवतात. देवभात हा लांब कुसांचा रानटी भात. कसेरू या लव्हाळ्याचे चिखलातले कंद खाल्ले जातात. नळ ३ मी.हून उंच वाढतो.

आश्रय : गोदावरी व कादवा नद्यांच्या संगमावरील नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ (२०१९). तेथील पाणवनस्पतींत जांभळ्या पाणकोंबड्या वावरतात. सुगरण लांब पात्यांच्या चिरफळ्या काढून खोपा विणते.

शोभेच्या तळ्यात लागवड : जागा पाण्याच्या खोलीप्रमाणे ठरवावी. काठाच्या ओल्या मातीत वाळा व कसई. ५ ते १५ सेंमी. पाण्यात लहान लव्हाळे व देवभात. त्याहून थोडे खोल कसेरू. नळ व पाणकणीस जमिनीखालच्या खोडांनी झपाट्याने पसरतात. लहान तळ्यात ती लावू नयेत, लावलीच तर तळाला भोक नसलेल्या मजबूत कुंडीत लावावीत. बागांत सर्रास दिसणारा छत्रीसारख्या पानांचा लव्हाळा मूळचा आफ्रिकेकडचा आहे. तो ओढ्यानाल्यांत निसटतो. देशी जाती हाताशी असताना त्याची गरज नाही. रोपे नैसर्गिक पाणथळीतून उपटून न आणता लावलेल्या ठोंबाचे भाग करून घ्यावीत.

निगा : कडक उन्हाळ्यात पाणी आटले तरी अनेक जातींचे कंद चिखलात जिवंत राहतात आणि पहिल्या पावसाने फुटतात. म्हणून वाळलेला काठ मेला असे समजून खणू वा जाळू नये. पावसाळा हा पाणपक्ष्यांच्या विणीचा काळ. कापणी त्यानंतर करावी आणि तीही टप्प्याटप्प्याने, एका वेळी निम्मा काठ उभा ठेवून.