मिरजेतील अस्थिशल्यचिकित्सेची वाटचाल

घरातले म्हातारे माणूस न्हाणीघरात घसरले, खुबा मोडला, की इचलकरंजीमार्गे मिरज गाठायची, हे हुपरी परिसराच्या अंगवळणी पडलेले आहे. या विश्वासाचा पाया 1894 चा. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी त्या वर्षी मिरजेत मिशन रुग्णालय उभे केले आणि पुढे वैद्यकीय शिक्षणाचीही सोय केली. 1962 मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आले.

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाची मोड मात्र दीर्घकाळ जिवावर बेतत असे. पायाला वजन लावून रुग्णाला अडीच-तीन महिने उताणे झोपवावे लागे. हाड सांधायचे, पण तोवर पाठीला जखमा होत, छातीत कफ साठे, आणि कित्येक वृद्ध त्यातच दगावत. जर्मनीतील कील येथे गेरहार्ड कुन्चर यांनी 1939 मध्ये हाडाच्या पोकळीत नेल, म्हणजे धातूची सळई, बसवली, तेव्हा मांडीच्या मधल्या मोडीचा प्रश्न सुटू लागला. खुब्यालगतच्या मोडीला पुढे प्लेट आणि सरकता स्क्रू, म्हणजे डीएचएस, उपयोगी पडला. हाडाचे तुकडे अधिक असले, की तोही अपुरा पडे.

याच काळात मिरजेच्या स्वास्थियोग प्रतिष्ठानात डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी उपचाराला अध्यापनाची जोड दिली. त्यांच्या संपादनाखाली 1999 मध्ये अस्थिरोग आणि अपघातशल्यावरचा बृहद्ग्रंथ निघाला. 2006 मध्ये डॉ. लिमये, डॉ. मिलिंद कुलकर्णी व डॉ. सुनील कुलकर्णी यांच्यासह त्यांनी खुब्याच्या याच मोडींचा आढावा ‘इंडियन जर्नल ऑफ ऑर्थोपेडिक्स’मध्ये मांडला. जिल्ह्याचे ठिकाणही नसलेल्या गावातून देशभरच्या शल्यविशारदांसाठी असे लेखन व्हावे, हे मिरजेचे खरे वैभव.

तोवर पीएफएन, म्हणजे खुब्यालगतच्या मोडीसाठीची खास नेल, रुळली होती. खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्याच्या टोकाशी छोटा छेद घेऊन, सी-आर्म या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर पाहत, आधी गाइड वायर आणि मग नेल उतरवायची. तिच्यातून एक जाड व एक बारीक स्क्रू हाडाच्या डोक्यात बसवायचा. वाटते तितके हे सोपे नव्हते. एक स्क्रू आत घुसे, दुसरा बाहेर सरके, आणि शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागे. स्क्रूचे टोक डोक्याच्या शिखरापासून किती दूर, हे दोन एक्स-रेंवर मोजून बेरीज 25 मिलिमीटरच्या आत ठेवावी, हा दंडक जगभर मान्य आहे. मोड आधी नीट जुळवल्याशिवाय नेल घालू नये, हे तर त्याहून महत्त्वाचे. वाकडी जुळलेली मोड कोणतीही नेल सरळ करत नाही.

आज ही शस्त्रक्रिया इचलकरंजी-कोल्हापुरातही होते. भूलतज्ज्ञ, परिचारिका, सी-आर्म चालवणारे तंत्रज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या हातांनी ती पार पडते. रुग्णाला बहुधा दुसऱ्याच दिवशी उठवून बसवतात आणि हाडाचा भरवसा असेल तर वॉकर देऊन उभे करतात.