एक, दोन, तीन बंद. चारवर चालू : मोटारीतल्या पंख्याची छोटी बखर

आमच्या घरी 1997 सालची एक छोटी मोटार आहे. विकायला काढली तर भंगारवाला जेवढे देईल, त्याहून फार जास्त कुणी देणार नाही. पण आठवड्यातून तीनदा अब्बांना डायलिसिससाठी सोलापूरला न्यायचं काम तीच करते. एप्रिल-मे मध्ये सोलापूरच्या रस्त्यावर दुपारी दीड वाजता काय परिस्थिती असते, ते तिकडच्या वाचकांना सांगायला नको. डायलिसिस झालेल्या माणसाला अशा उन्हात बंद डब्यात बसवून आणणं म्हणजे जिवाशी खेळ.

आणि नेमका एप्रिलमध्ये एसीचा पंखा बिघडला. बटण एकवर ठेवा, दोनवर ठेवा, तीनवर ठेवा, काही नाही. चारवर मात्र वादळ सुटल्यासारखा आवाज करत चालू. एका दुकानदाराने न तपासताच सांगितलं, "गॅस संपलाय, भरून घ्या." दुसऱ्याने एक छोटा सुटा भाग बदलला, तो तीन आठवड्यांत जळाला. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने अख्खा डॅशबोर्ड उतरवून पूर्ण संच बदलायचा अंदाज दिला. तो आकडा गाडीच्या किमतीच्या जवळ जाणारा होता.

शेवटी गावातल्या एका जुन्या वायरमनकडे गेलो. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी काय केलं ते सांगण्याआधी हा पंखा मोटारीत आला कसा, ते पाहू. कारण बिघाडाचं उत्तर त्या इतिहासातच आहे.

आधुनिक वातानुकूलन सुरू झालं ते माणसाच्या सुखासाठी नव्हे, कागदासाठी. 1902 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद आकसायचा, फुगायचा आणि रंगीत छपाई सरकायची. विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने हवेतला ओलावा आटोक्यात ठेवणारी यंत्रणा आखली. मोटारीपर्यंत ही सोय पोहोचायला पुढे जवळजवळ चार दशकं लागली. पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने 1940 च्या मॉडेलमध्ये कारखान्यातूनच एसी बसवून द्यायला सुरुवात केली. किंमत 274 डॉलर. यंत्र इतकं अवजड की डिकीतली बरीच जागा तेच खायचं. कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. थंडीच्या दिवसांत एसी खरोखर बंद करायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढून ठेवावा लागे. चालकाच्या हातात एकच नियंत्रण होतं : पंख्याचं बटण. म्हणजे मोटारीतल्या एसीची पहिली चावी हा पंखाच. दोन वर्षांतच हा प्रयोग बंद पडला. 1954 मध्ये नॅश कंपनीने हीटर, हवा खेळती ठेवण्याची सोय आणि एसी असं सगळं एकत्र करून गाडीच्या पुढच्या भागात बसवलं. आपल्या डॅशबोर्डमागे आज जे आहे, ते त्याच मांडणीचे वंशज.

आपल्याकडे ही चैन उशिरा आली. अब्बांनी मुंबईत तीस वर्षं प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी चालवली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ती गाडी. तिच्यात एसी कुठला? डॅशबोर्डवर एक छोटा पंखा स्क्रूने बसवलेला असायचा आणि त्याचं तोंड मागच्या सीटकडे. गिऱ्हाइकाला वारा, चालकाला खिडकी. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, ती बातमी अब्बांनी दोनदा वाचून घेतली.

आता उस्तादांकडे वळू. ते आधी बटणाशी खेळले आणि म्हणाले, "चारवर चालतो ना? मग फ्यूज शाबूत, मोटर जिवंत." कारण साधं आहे. जुन्या गाड्यांत पंख्याचा वेग कमी करण्यासाठी वाटेत रेझिस्टरच्या तारा घातलेल्या असतात. एकवर सगळ्या तारा, दोनवर थोड्या कमी, तीनवर आणखी कमी, आणि चारवर एकही नाही, वीज थेट मोटरला. एक-दोन-तीन बंद आणि चार चालू, म्हणजे रेझिस्टर गेला. गॅसचा इथे संबंधच नाही.

पण रेझिस्टर तर नुकताच नवा घातला होता. उस्तादांचा पुढचा प्रश्न तोच होता : "तो जळला का?"

रेझिस्टर विजेचं उष्णतेत रूपांतर करतो, म्हणून तो मुद्दाम पंख्याच्या वाऱ्याच्या वाटेतच बसवतात. पंखा त्याला थंड ठेवतो. पंख्याची मोटर जड फिरू लागली की दोन्हीकडून मार बसतो : मोटर जास्त करंट ओढते, त्यामुळे तारा जास्त तापतात, आणि वारा कमी पडल्याने त्या थंडही होत नाहीत. अशा वेळी नुसता रेझिस्टर बदलणं म्हणजे ताप का आला हे न बघता पट्टी बदलत राहणं.

उस्तादांनी इंजिन चालू ठेवून, पंखा चारवर ठेवून मीटर लावला. बॅटरीवर 14 व्होल्ट, मोटरच्या टोकांवर 11. तीन व्होल्ट वाटेत गेले कुठे? त्यांनी वायर हाताने चाचपत नेली आणि एका प्लास्टिकच्या कपलरवर थांबले. तो काळा पडून वितळू लागला होता. हिशेब शाळेतलाच आहे. मोटर 15 अँपिअर ओढत असेल आणि सैल जोडात फक्त 0.2 ओहम अडथळा असेल, तर तिथे तीन व्होल्ट वाया जातात आणि 45 वॅट उष्णता तयार होते. प्लास्टिकच्या पोटात ठेवलेली छोटी इस्त्रीच म्हणा.

मग समोरच्या कप्प्याखालून तीन स्क्रू काढून त्यांनी मोटर खाली उतरवली. पिंजऱ्यासारख्या पंख्यात कडुनिंबाची वाळलेली पानं, धुळीचा थर आणि उंदराने आणलेली कापसाची पुंजकी. या जुन्या गाडीत हवा गाळणारा फिल्टरच नाही. बुश कोरडा पडलेला, बोटाने फिरवलं तर पंखा अर्ध्या फेऱ्यात थांबत होता. कार्बन ब्रश मात्र निम्म्याहून जास्त शिल्लक होते.

पंखा ब्रशने साफ केला, बुशला दोन थेंब तेल दिलं, कपलर कापून नवा घातला, आणि सगळ्यात शेवटी नवा रेझिस्टर बसवला. दीड तास लागला. पैसे सर्व्हिस सेंटरच्या अंदाजाच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी. जाताना एक ताकीद दिली : फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचा घाला. मोठा घातला तर फ्यूजऐवजी वायर जळेल आणि मग गाडी.

"गॅस भरा" हा सल्ला निव्वळ खिशाला महाग असतो असंही नाही. जुन्या एसीतला आर-12 वायू ओझोनचा थर पातळ करतो हे कळल्यावर 1987 साली माँट्रियल करार झाला. त्यानंतर आलेला आर-134ए ओझोनला धोका देत नाही, पण तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1400 पट तापमान वाढवतो. निदान न करता काढलेला नि भरलेला गॅस शेवटी आपल्याच उन्हाळ्यात भर घालतो.

उस्ताद सातवीनंतर शाळेत गेले नाहीत. ओहमचा नियम हे नाव त्यांनी ऐकलेलं नाही, पण तो त्यांच्या बोटांत आहे. त्यांना तो त्यांच्या उस्तादांनी शिकवला, टेस्ट लॅम्प हातात देऊन. अशा माणसांना आपण सहज 'गॅरेजवाला' म्हणून बाजूला सारतो. नव्या गाड्यांत रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक मोड्यूल आले आहेत. ते उघडायचे नसतात, बदलायचे असतात. उस्तादांकडे आता एकच पोरगा शिकायला आहे. लक्षणावरून कारणापर्यंत मागे मागे जाण्याची ही रीत त्याच्यापर्यंत पोहोचली नाही तर पुढे ती कुठल्या पुस्तकात शोधणार? आपली मुलं इंजिनिअर होवोत, जरूर होवोत. पण सुट्टीत एक महिना अशा माणसाच्या हाताखाली त्यांना पाठवलं तर त्यांचं शिक्षण पक्कंच होईल.

दुसऱ्या दिवशी डायलिसिसहून परतताना पंखा दोनवर होता, आवाज न करता. मागच्या सीटवर अब्बा डोळे मिटून पडले होते. टेंभुर्णीच्या अलीकडे त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे येतो का वारा?" मी येतो म्हणालो. खरं तर मधल्या जाळ्यांची तोंडं मी मागे वळवून ठेवली होती.