भागीदारीचा रंगपट
जामसंड्यात दिर्बादेवीच्या जत्रेला पेटीवर बसून स्वतःच रंग लावणाऱ्या एका दशावतारी स्त्रीपार्टीला मी विचारले, आजारी पडलात तर? ‘नाईट बुडाली,’ तो म्हणाला. लिखित संहिता नसलेले नाटक रात्रभर सगळे मिळून उभे करतात. कंपनी मात्र मालकाची.

मालकीचा हा प्रश्न संगीत रंगभूमीलाही सुटला नव्हता. 1913 मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले व तिघांच्या भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी निघाली. नटच मालक! पण साजिंदे, पडदेवाले, आचारी पगारीच राहिले (नाट्येतिहासात यांची नावे शोधून पाहावीत). पुढे आधी टेंबे गेले, मग बोडस. आणि कर्जाचा भार एकट्या बालगंधर्वांवर आला.