धूळ खाणारी यंत्रे : बिटकॉइनच्या गोदामांचा एक दुर्लक्षित इतिहास

१/१८
नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातील शाळांमध्ये संगणककक्ष उघडू लागले, तेव्हा त्यांच्या दाराबाहेर चपलांची रांग लागत असे. खिडक्यांना जाड पडदे, संगणकावर प्लास्टिकचे आवरण. देवघरात शिरावे तसे विद्यार्थी आत जात. वीसएक वर्षांनी त्याच संगणकाचे एक भावंड वाळवंटाच्या काठावरील पत्र्याच्या शेडमध्ये उभे होते. मराठीत न वापरलेली वस्तू 'धूळ खात पडते'. हे यंत्र मात्र अहोरात्र राबत असतानाच धूळ खात होते. हे कसे घडले, त्याचा हा थ्रेड.

२/१८
आरंभ पहिल्या पिढीपासून करावा लागतो. १९४६ साली फिलाडेल्फियात जगासमोर आलेल्या 'एनियाक' या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि तो सुमारे १५० किलोवॅट वीज घेई. एवढी उष्णता बाहेर काढण्यासाठी मोठे झोतपंखे बसवावे लागले. पुढच्याच वर्षी हार्वर्डच्या 'मार्क २' यंत्राच्या एका रिलेत पतंग अडकून सापडला आणि नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला. उष्णतेसाठी हवा हवी आणि हवेबरोबर येणारे काहीही नको, हा पेच संगणकाच्या जन्माइतकाच जुना आहे.

३/१८
धुळीवरचे पहिले निर्णायक उत्तर अण्वस्त्रांच्या कारखान्यातून आले. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत शस्त्रांचे सूक्ष्म भाग धूलिकणांमुळे निकामी होत. तोवरच्या 'स्वच्छ' खोल्यांत कितीही झाडलोट केली तरी हवा भोवऱ्यासारखी फिरत राही आणि धूळ तरंगत राही. ओक्लाहोमातील कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा असलेला भौतिकशास्त्रज्ञ विलिस व्हिटफील्ड याने प्रश्नच बदलला. धूळ पुसण्याऐवजी तिला हवेनेच सतत बाहेर का वाहून नेऊ नये?

४/१८
१९६२ साली जाहीर झालेल्या त्याच्या खोलीत गाळलेली हवा छतातून संथ, एकसंध प्रवाहाने खाली येई आणि जमिनीच्या जाळीतून बाहेर जाई. धूलिकण मोजणाऱ्या उपकरणांनी इतके कमी आकडे दाखवले की उपकरणेच बिघडली असावीत असे प्रथम वाटले. आजचे सिलिकॉन चिप्सचे सर्व कारखाने याच तत्त्वावर चालतात. व्हिटफील्डचा धडा लक्षात ठेवावा : वेगवान झोत धूळ उडवतो, रुंद आणि संथ प्रवाह ती वाहून नेतो. हा धडा पुढे परत येणार आहे.

५/१८
दुसरे उत्तर होते दार कायमचे बंद करण्याचे. १९७३ साली आयबीएमने '३३४०' ही डिस्क आणली. तिचे टोपणनाव 'विंचेस्टर'. तिच्यात माहिती वाचणारे टोक चकतीपासून केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही कमी अंतरावर तरंगे. एक कण मध्ये आला तरी चकती खरवडली जाई. म्हणून चकती आणि टोक एकाच बंद डबीत ठेवले गेले. अशा रीतीने गाळलेली हवा आणि बंद डबी हे दोन मार्ग सिद्ध झाले. दोन्ही खर्चिक होते; पण यंत्र त्याहून मोलाचे होते.

६/१८
३ जानेवारी २००९ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाच्या व्यक्तीने बिटकॉइनचा पहिला ब्लॉक तयार केला. या व्यवस्थेत सुमारे दर दहा मिनिटांनी व्यवहारांचे नवे पान जोडले जाते. ते जोडण्याचा मान मिळवण्यासाठी संगणक एका आकड्याचा अंदाज बांधत राहतात. ज्याचा अंदाज जुळेल त्याला नवी नाणी मिळतात. यालाच 'मायनिंग' म्हणतात. प्रारंभी हे काम घरच्या साध्या संगणकावर होई आणि तिथली धूळ म्हणजे घरातलीच धूळ होती.

७/१८
२०१० पासून हे काम ग्राफिक्स कार्डांकडे गेले, कारण ती एकाच वेळी असंख्य अंदाज बांधू शकत. कार्डे तापत, मग हौशी लोकांनी संगणकाची पेटीच काढून टाकली आणि दुधाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये कार्डे उघडी टांगली. वरकरणी हा जुगाड होता, पण इतिहासाच्या दृष्टीने ती कलाटणी होती. तीन दशके संगणकाभोवती जे कवच वाढत गेले होते, ते उष्णतेपायी प्रथमच उतरवले गेले. यंत्राला वारा मिळाला आणि धुळीला मोकळी वाट.

८/१८
२०१३ मध्ये केवळ बिटकॉइनसाठी घडवलेल्या चिप्स बाजारात आल्या; त्यांना 'एसिक' म्हणतात. २०१६ सालचे बिटमेन कंपनीचे 'अँटमायनर एस ९' हे यंत्र पाहावे. बुटांच्या खोक्याएवढ्या पेटीत १८९ चिप्स, सेकंदाला सुमारे १३.५ लाख कोटी अंदाज आणि सुमारे १,३०० वॅट वीज, म्हणजे घरातल्या इस्त्रीहून अधिक. ही इस्त्री वर्षभर अखंड चालू राहते आणि जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. दोन्ही टोकांचे पंखे तिच्यातून हवा जोराने खेचत असतात.

९/१८
अशा यंत्रात धूळ नेमके काय करते? चिपवर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा 'हीटसिंक' असतो. पात्यांच्या फटींत धूळ बसली की हवेची वाट अरुंद होते आणि पात्यांवर जणू गोधडी पांघरली जाते. चिप तापते, पंखा अधिक वेगाने फिरतो, अधिक हवा आणि तिच्याबरोबर अधिक धूळ ओढतो. पंख्याचे बेअरिंग झिजते. अखेर तापमान मर्यादेबाहेर गेले की यंत्र स्वतःला बंद करते. बंद यंत्र म्हणजे बुडालेली कमाई.

१०/१८
मग यंत्राच्या तोंडाशी फिल्टर का लावू नये? कारण हे पंखे मोकळ्या हवेसाठी बेतलेले असतात. दाट जाळी लावली की हवा घटते. धूळ थांबते, पण यंत्र तापते. म्हणून फिल्टर यंत्रावरून गोदामाच्या भिंतीवर नेला गेला. भिंतभर पसरलेल्या जाळीतून हवा संथपणे आत येते आणि अडथळा कमी भासतो. हा व्हिटफील्डचाच धडा, स्वस्त रूपात. त्याला एक पोटनियमही आहे : हवा केवळ बाहेर ओढली तर आतला दाब घटतो आणि छपराच्या प्रत्येक फटीतून धूळ आत शिरते, गाळलेली हवा आत ढकलली, तर फटींतून हवा बाहेर जाते.

११/१८
हे सारे घडत होते प्रामुख्याने चीनमध्ये. आंतरिक मंगोलियातील ओर्दोस येथे कोळशाची वीज स्वस्त होती, म्हणून तेथे हजारो यंत्रांची गोदामे उभी राहिली. पण ओर्दोसच्या आसपास कुबुची आणि मु उस ही दोन वाळवंटे आहेत. म्हणजे वीज जिथे स्वस्त, तिथे हवा धुळीची, असा सौदा होता. चिप मात्र तैवानमधील जगातल्या सर्वांत निर्मळ खोल्यांपैकी एकीत जन्मलेली. जन्म व्हिटफील्डच्या खोलीत आणि आयुष्य वाळवंटाच्या काठावर!

१२/१८
उन्हाळ्यासाठी कोंबड्यांच्या शेडमधील एक युक्ती उचलली गेली : पोळ्यासारख्या घडणीचे ओले पडदे. कूलर किंवा वाळ्याचे पडदे ठाऊक असलेल्यांना हे तत्त्व नवे नाही. पाणी हवेला गार करते आणि काही धूळही अडवते. पण हवेत ओलावा वाढतो. धुळीतील क्षार ओलावा शोषतात आणि सर्किटवर वीजवाहक, गंजवणारा थर बसू शकतो. कोरडी धूळ झटकता येते. ओली धूळ चिकटते.

१३/१८
त्यात यंत्रांना वर्षातून दोनदा स्थलांतर घडे. पावसाळ्यात सिच्वानच्या डोंगराळ भागातील जलविद्युत स्वस्त होई, तेव्हा यंत्रे ट्रकांत भरून तिकडे जात. नद्यांचे पाणी उतरले की पुन्हा उत्तरेच्या कोळशाकडे. मेंढपाळ चाऱ्यामागे हिंडतात तशी ही यंत्रे विजेमागे हिंडत. कोरड्या मुलखात साचलेली धूळ दमट मुलखात पोहोचली की वरील संकट ओढवणार हे ठरलेलेच. म्हणून साफसफाई हा या धंद्याचा नित्यक्रम झाला.

१४/१८
हा नित्यक्रम माणसेच पार पाडत. यंत्र बंद करायचे, पंखे हाताने अडवून धरायचे (झोताने ते भरधाव फिरले तर उलट वीज निर्माण होते), मग दाबाच्या हवेने पात्यांमधील धूळ फुंकून काढायची आणि पुढच्या यंत्राकडे वळायचे. कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, आडगावी, गोदामालगतच राहून. यंत्रातून फुंकलेली धूळ नाहीशी होत नाही. ती हवेत जाते आणि तिथे श्वास घेणारे कोणीतरी असते. बिटकॉइनच्या इतिहासात किमतींचे आलेख ठळक आहेत. हा हात मात्र दिसत नाही.

१५/१८
आता मूळ प्रश्न. ज्या यंत्रावर कमाई अवलंबून, त्याला धुळीत का ठेवले? कारण ते लवकर मरणार हे आधीच ठरलेले होते. एवढेच काम करण्यास २०१३ च्या 'एस १' ला २,००० ज्यूल ऊर्जा लागे. २०१६ च्या 'एस ९' ला ९८. तीन वर्षांत वीसपट फरक. धुळीने यंत्र मारण्याआधी नवे यंत्रच त्याला निकामी ठरवी. २०२१ मधील ॲलेक्स डी व्ह्रीस आणि ख्रिस्तियन श्टोल यांच्या अभ्यासात यंत्राचे सरासरी आयुष्य १.२९ वर्षे आणि वार्षिक ई-कचरा सुमारे ३०,७०० टन अंदाजला आहे. दीड वर्षाच्या पाहुण्यासाठी पक्के घर कोण बांधतो?

१६/१८
पण गणित बदलले. तेच काम २०२० च्या 'एस १९ प्रो' ला २९.५ ज्यूलमध्ये आणि २०२३ च्या 'एस २१' ला १७.५ ज्यूलमध्ये जमते. सुधारणेचा वेग मंदावला, तसे यंत्राचे उपयुक्त आयुष्य लांबले. बक्षिसाची नाणी मात्र दर चार वर्षांनी निम्मी होत गेली : २०१२ पर्यंत ५०, २०२४ पासून ३.१२५. दरम्यान २०२१ मध्ये चीनने मायनिंगवर बंदी घातली. केंब्रिज विद्यापीठाच्या अंदाजानुसार त्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचा वाटा सुमारे ३५ टक्के आणि कझाकस्तानचा १८ टक्के झाला. यंत्रे स्टेपच्या कोळशापाशी आणि टेक्सासच्या उन्हात गेली. धूळ तिथेही होतीच.

१७/१८
याच सुमारास एक जुने उत्तर मोठ्या प्रमाणावर परतले. १९८५ साली सेमूर क्रे याने 'क्रे-२' हा महासंगणक वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवला होता. पंखे नाहीत, हवा नाही, म्हणून धूळही नाही. २०१३ च्या सुमारास हाँगकाँगमध्ये मायनिंगसाठी हा प्रयोग झाला होता. २०२१ मध्ये टेक्सासमधील रॉकडेल येथे, जुन्या ॲल्युमिनियम कारखान्याच्या जागेवर, रायट कंपनीने २०० मेगावॅट क्षमतेची यंत्रे द्रवात बुडवण्याची योजना जाहीर केली. हा मार्गही निष्कलंक नाही. अशा द्रवांपैकी काही 'पीएफएएस' या निसर्गात सहजासहजी विघटित न होणाऱ्या रसायनवर्गात मोडतात आणि ३ एम कंपनीने २०२५ अखेर त्यांचे उत्पादन थांबवण्याचे २०२२ मध्ये घोषित केले. म्हणून अनेक ठिकाणी साधी खनिज वा कृत्रिम तेले वापरली जातात.

१८/१८
क्रेच्या द्रवापासून कोंबड्यांच्या शेडमधील पडद्यापर्यंत प्रत्येक उपाय मायनिंगपूर्वीच ठाऊक होता. ज्ञान कधीच कमी नव्हते. यंत्र किती काळ टिकवायचे आहे याचा निर्णय बदलत होता. शाळेच्या दाराबाहेरील चपला हाच निर्णय सांगत : हा संगणक दुर्मीळ आहे, पुढची दहा वर्षे पुरवायचा आहे. ओर्दोसची शेड उलट निर्णय सांगे. जुन्या यंत्राचे छायाचित्र हाती आले की त्याचा वेग आणि किंमत यांपूर्वी त्याच्या खोलीची जमीन पाहावी आणि तिथली धूळ कोण पुसत होते हेही विचारावे. त्या यंत्राला आणि त्या माणसाला किती मोल होते, हे तिथे बहुधा आकड्यांहून स्पष्ट लिहिलेले असते.